शेतकऱ्याने कांदा विकला : प्रोलॉगमध्ये लिहिलेले मराठी व्याकरण

‘शेतकऱ्याने कांदा विकला’ आणि ‘शेतकऱ्याने ज्वारी विकली’ या दोन वाक्यांत कर्ता तोच आहे, क्रिया तीच आहे आणि काळही तोच आहे. तरीही क्रियापदाचे रूप बदलते, आणि ते का बदलते हे मराठी माणसाला बोलताना थांबून आठवावे लागत नाही. संगणकाला मात्र ते सांगावे लागते. ते कसे सांगायचे या प्रश्नाने मला काही वर्षांपूर्वी तर्काधारित प्रोग्रामिंगकडे, म्हणजे प्रोलॉग या भाषेकडे नेले. तेव्हापासून नाशिकरोडच्या घरी कामावरून परतल्यावरचा बराचसा वेळ मी मराठीचे एक छोटे व्याकरण प्रोलॉगमध्ये लिहिण्यात घालवतो. त्यातून जे हाती लागले ते मांडावे म्हणून हा लेख लिहीत आहे. उदाहरणे मी आसपासचीच घेतली आहेत: बाजार समितीतला कांदा, जुन्या नाशकातले वाडे, गोदावरी आणि गिरणेच्या खोऱ्यांतली धरणे.

प्रोलॉगचा जन्मच भाषेच्या अभ्यासासाठी झाला, हे अनेक संगणक अभियंत्यांनाही ठाऊक नसते. अलँ कोलमेरोए हे फ्रेंच संशोधक १९७० च्या सुमारास माँट्रियलमध्ये यांत्रिक भाषांतराच्या प्रकल्पावर काम करत होते. त्यांनी तिथे घडवलेल्या ‘क्यू-सिस्टिम्स’ या पद्धतीवर पुढे हवामानाची इंग्रजी वार्तापत्रे फ्रेंचमध्ये आणणारी प्रणाली उभी राहिली. फ्रान्समध्ये परतल्यावर मार्सेय येथे त्यांनी आणि फिलिप रूसेल यांनी १९७२ मध्ये प्रोलॉग तयार केली, ती फ्रेंच भाषेत माणसाशी संवाद साधू शकणाऱ्या एका प्रणालीसाठी. तर्कशास्त्रातले विधान हेच प्रोग्राम म्हणून चालवता येते, हा विचार एडिंबरोच्या रॉबर्ट कोवाल्स्की यांचा होता. या दोन धाग्यांतून पुढे व्याकरण लिहिण्याची एक स्वतंत्र पद्धत घडली. १९८० मध्ये फर्नांडो परेरा आणि डेव्हिड वॉरन यांनी एका प्रसिद्ध निबंधात तिची नेटकी मांडणी केली आणि तेव्हापासून ती ‘डेफिनिट क्लॉज ग्रामर’ या नावाने, किंवा डीसीजी या लघुरूपाने, ओळखली जाते.

डीसीजीचे सर्वांत साधे रूप असे असते:

वाक्य --> नामपद, क्रियापद.

नामपद --> [शेतकरी].

क्रियापद --> [आला].

हे वाचायला प्रोग्रामिंग यावे लागत नाही. वाक्य म्हणजे एक नामपद आणि त्यानंतर एक क्रियापद, एवढेच पहिली ओळ सांगते. मात्र प्रोलॉग ती ओळ आत घेताना तिचे रूपांतर तर्कशास्त्रातल्या एका विधानात करते:

वाक्य(_आरंभ, _शेवट) :- नामपद(_आरंभ, _मध्य), क्रियापद(_मध्य, _शेवट).

म्हणजे शब्दांच्या रांगेत ‘आरंभ’ या जागेपासून ‘शेवट’ या जागेपर्यंत वाक्य आहे असे तेव्हाच म्हणता येते, जेव्हा मध्ये अशी एखादी जागा सापडते की जिच्यापर्यंत नामपद आहे आणि जिच्यापासून पुढे क्रियापद आहे. वाक्याचे पृथक्करण करणे म्हणजे या विधानाची सिद्धता शोधणे. व्याकरणाचे नियम एकीकडे आणि ते वापरणारा प्रोग्राम दुसरीकडे, अशी फाळणी इथे उरत नाही; जे लिहिले तेच चालते. मला या पद्धतीची ओढ लागली ती याच कारणाने.

देवनागरीत प्रोलॉग लिहिताना एक तपशील समजून घ्यावा लागतो. रोमन लिपीत मोठ्या अक्षराने सुरू होणारे नाव हे चल, म्हणजे जिची किंमत नंतर भरायची अशी रिकामी जागा, मानले जाते आणि लहान अक्षराने सुरू होणारे नाव हे ठरलेल्या वस्तूचे. आपल्या लिपीत लहानमोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे देवनागरी शब्द थेट लिहिला की तो वस्तूचे नाव ठरतो आणि चल हवे असेल तर त्याच्या आधी अधोरेषा द्यावी लागते. वरच्या ओळीतील अधोरेषा त्यासाठी आहेत. एकदा हे लक्षात आले की संपूर्ण व्याकरण मराठीत लिहिता येते, आणि माझा आग्रह आहे की ते तसेच लिहावे, कारण मग ते मराठी व्याकरणाच्या जाणकारांना दाखवता येते.

आता प्रयोगाकडे येतो, कारण माझ्या मते डीसीजीची खरी परीक्षा मराठीत तिथेच होते. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे, आणि दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण त्याहून जुने, १८३६ चे. तेव्हापासून आजच्या शालेय पुस्तकांपर्यंत आपण कर्तरी, कर्मणी आणि भावे असे तीन प्रयोग शिकत आलो आहोत. ‘बाई कांदा विकते’ हा कर्तरी, ‘शेतकऱ्याने कांदा विकला’ हा कर्मणी, ‘शेतकऱ्याने बैलाला सोडले’ हा भावे. हे तीन वेगळे साचे म्हणून प्रोलॉगमध्ये लिहिता येतात आणि प्रोग्राम चालतोही. पण तसे लिहिताना हाताला जाणवते की तिन्ही साच्यांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते आहे. ज्या पदाला प्रत्यय लागलेला नाही त्याच्याशी क्रियापद जुळते. कर्ता आणि कर्म दोन्ही प्रत्ययाविना असतील तर कर्त्याला मान मिळतो. दोघांनाही प्रत्यय असेल तर क्रियापद कोणाशीच न जुळता नपुंसकलिंगी एकवचनात राहते. हे सगळे तीन ओळींत मावते:

जुळणी(अप्रत्यय, _कर्ता, _, _, _कर्ता).

जुळणी(सप्रत्यय, _, अप्रत्यय, _कर्म, _कर्म).

जुळणी(सप्रत्यय, _, सप्रत्यय, _, नपुंसक-एकवचन).

आणि वाक्याचा नियम एकच उरतो:

वाक्य --> नामपद(_कर्तृरूप, _कर्ता), नामपद(_कर्मरूप, _कर्म), क्रियापद(_जोड), { जुळणी(_कर्तृरूप, _कर्ता, _कर्मरूप, _कर्म, _जोड) }.

यात ‘_कर्ता’ आणि ‘_कर्म’ ही चले लिंग आणि वचन वाहून नेतात. प्रोलॉगमधील एकरूपीकरणाची क्रिया, जिला युनिफिकेशन म्हणतात, ती दोन बाजूंची माहिती एकमेकींशी पडताळून पाहते आणि जिथे एका बाजूला माहिती नसेल तिथे दुसरीकडून भरते. मराठीसारख्या भाषेत, जिथे क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, या गुणाचे मोल फार आहे. ‘बैल’ या शब्दाचे एकवचन आणि अनेकवचन सारखेच दिसते. ‘शेतकऱ्याने बैल’ इथपर्यंत ऐकले तर बैल एक की अनेक हे कळत नाही. ‘विकला’ म्हटले की एक, ‘विकले’ म्हटले की अनेक. शब्दकोशात मी बैलाचे वचन रिकामे चल म्हणून ठेवतो, पृथक्करण पुढे सरकते, आणि शेवटी क्रियापद आले की ते चल आपोआप भरते. इतर अनेक भाषांत हे साधण्यासाठी मागे जाऊन दुरुस्ती करणारी वेगळी यंत्रणा लिहावी लागते. इथे फक्त एक जागा रिकामी ठेवायची असते.

उलट बाजूने क्रियापदाची रूपेही संदिग्ध असतात. ‘विकली’ हे स्त्रीलिंगी एकवचन आहे (ज्वारी विकली) आणि नपुंसकलिंगी अनेकवचनही आहे (द्राक्षे विकली). ‘विकले’ हे पुल्लिंगी अनेकवचन आहे आणि नपुंसकलिंगी एकवचनही. म्हणून ‘बैल विकले’ आणि ‘बैलाला विकले’ यांतील ‘विकले’ दिसायला एक असले तरी व्याकरणाच्या दृष्टीने दोन आहेत, आणि वरचा नियम ते न सांगता ओळखतो: पहिल्यात अनेकवचनी कर्माशी जुळणी होते, दुसऱ्यात ती कोणाशीच होत नाही.

हा एक नियम मात्र एकट्याने पुरत नाही. भूतकाळी सकर्मक क्रियापदाचा कर्ता ‘ने’ घेतो खरा, पण काही क्रियापदे ते मानत नाहीत. ‘ती मराठी शिकली’, ‘मी नाव विसरलो’, ‘तो खोटे बोलला’, ‘वासरू दूध प्यायले’ या सगळ्यांत कर्म असूनही क्रियापद कर्त्यामागे जाते. यांची नोंद शब्दकोशात एकेका क्रियापदापाशी करावी लागते. नियमाने ती येत नाही. मला यात कमीपणा वाटत नाही. कोणती गोष्ट नियमाची आणि कोणती शब्दाची, हे डीसीजी लिहिताना दर वेळी ठरवावेच लागते, आणि भाषेचा अभ्यास मुख्यतः त्या ठरवण्यातच असतो.

त्याहून बिकट प्रश्न ‘मी’चा. ‘मी कांदा विकला’ या वाक्यात कर्त्याला प्रत्यय दिसत नाही, तरी क्रियापद कांद्याशी जुळते. बोलणारी स्त्री असो वा पुरुष, ‘मी ज्वारी विकली’ यात काही फरक पडत नाही. नियमानुसार तर क्रियापद ‘मी’शी जुळायला हवे. आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका निवृत्त मराठी शिक्षिकेपुढे, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, मी हे वाक्य ठेवले. त्या म्हणाल्या, “अहो, हा ‘मी’ तृतीयेतला आहे. प्रत्यय दिसत नाही, एवढेच. माझी आजी ‘म्या केलं’ म्हणायची, त्यातला ‘म्या’ तो हाच.” जुन्या मराठीत ‘म्या’ आणि ‘त्वा’ ही तृतीयेची रूपे होती आणि खेड्यापाड्यांतून ‘म्या’ अजून ऐकू येते. म्हणून माझ्या शब्दकोशात ‘मी’च्या दोन नोंदी आहेत, एक अप्रत्यय आणि एक सप्रत्यय, आणि नियमाला हात लावावा लागला नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या बोलीतले रूप आजच्या प्रोग्राममधल्या अडचणीचे उत्तर ठरते, याचा मला फार आनंद झाला.

‘तू’ने मात्र नियम बदलायला लावलाच. ‘तू कांदा विकलास’, ‘तू ज्वारी विकलीस’: यात ‘ला’ आणि ‘ली’ कर्माकडे पाहतात आणि शेवटचा ‘स’ कर्त्याकडे. मराठी व्याकरणकारांनी याला कर्तृ-कर्म संकर असे नाव दिले आहे. क्रियापदाला एकच ‘जोड’ असते हे माझे गृहीत इथे मोडते. क्रियापदाला दोन चले द्यावी लागतात, एक लिंगवचनासाठी आणि एक पुरुषासाठी, आणि दोन्हींची जुळणी वेगवेगळ्या पदांशी होऊ द्यावी लागते. तसे केल्यावर संकर प्रयोग हा अपवाद उरत नाही. दोन जुळण्या नेहमीच होत असतात. बहुतेक वाक्यांत त्यांतली एक दिसत नाही.

शब्दांच्या आत शिरले की सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे होणारे रूप, येते. संगणकाच्या दृष्टीने ‘कांदा’ हा क, ा, ं, द, ा अशा चिन्हांचा क्रम आहे, आणि ‘कांद्याने’ मध्ये शेवटच्या काना या चिन्हाच्या जागी हलन्त, य आणि काना येतात. डीसीजी शब्दांच्या रांगेवर चालते तशीच अक्षरचिन्हांच्या रांगेवरही चालते, म्हणून हाही नियम त्याच पद्धतीने लिहिता येतो. उपान्त्य दीर्घ ईकार-ऊकार ऱ्हस्व होण्याचा नियमही तसाच: विहीर, विहिरीत, फूल, फुलाला. अकारान्त स्त्रीलिंगी नामे मात्र दोन वाटांनी जातात. वाटेत आणि विटेवर, पण भिंतीवर आणि विहिरीत. कोणते नाम कोणत्या वाटेने जाईल हे रूपावरून सांगता येत नाही, म्हणून ते पुन्हा शब्दकोशात.

गावांची नावे हा स्वतंत्र प्रांत आहे. येवला आणि सटाणा ही नावे आंब्यासारखी चालतात: येवल्याची पैठणी, सटाण्याचा बाजार. नाशिक, चांदवड, निफाड ही नावे ‘चा’ आणि ‘ला’ यांच्या आधी बदलत नाहीत. कोणी ‘नाशिकाचा’ म्हणत नाही. पण ‘त’ लागला की ‘नाशकात’ होते आणि मधला इकार गळतो. सामान्यनामांचा नियम विशेषनामांना लावला की चुकीची रूपे तयार होतात, आणि हे माझ्या लक्षात आले ते व्याकरण उलट दिशेने चालवल्यावर.

हे उलट चालवणे काय असते ते सांगायला हवे. डीसीजीला वाक्य देऊन ते बरोबर आहे का असे विचारता येते, तसेच वाक्याच्या जागी रिकामे चल देऊन ‘तुझ्या मते बरोबर असलेली सगळी वाक्ये सांग’ असेही विचारता येते. मग ती एकामागून एक वाक्ये देऊ लागते, आणि त्यांत आपल्या नियमांतले प्रत्येक छिद्र उघडे पडते. माझ्या व्याकरणाने ‘कांद्याने शेतकरी विकला’ हे वाक्यही निर्दोष म्हणून दिले. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोषच आहे. आपल्या परंपरेत वाक्यार्थासाठी आकांक्षा (पदांची एकमेकांविषयीची अपेक्षा), योग्यता (अर्थाचा मेळ) आणि सन्निधी (पदांची जवळीक) अशा तीन अटी सांगितल्या आहेत. प्रत्ययांची जुळणी आकांक्षा पुरी करते, पण कांदा काही विकू शकत नाही, हे योग्यतेचे ज्ञान आहे, आणि ते हवे असेल तर प्रत्येक क्रियापदापाशी कर्ता सजीव असावा की नाही याची नोंद करावी लागते. पाणिनीय कारकविचाराचा, म्हणजे क्रियेशी प्रत्येक पदाचे नाते काय या विचाराचा, आधार घेऊन भारतीय भाषांचे पृथक्करण करण्याचे मोठे काम आयआयटी कानपूरमध्ये विनीत चैतन्य, राजीव संगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले आहे. प्रत्येक क्रियापदाच्या अपेक्षा आधी लिहून ठेवायच्या आणि पदांचा क्रम दुय्यम मानायचा, ही त्यातली दृष्टी मराठीला चपखल लागू पडते, कारण ‘कांदा शेतकऱ्याने विकला’ आणि ‘विकला शेतकऱ्याने कांदा’ हीही मराठीच आहे. माझा वाक्याचा नियम आता क्रम ठरवत नाही. तो पदे गोळा करतो आणि क्रियापदाच्या अपेक्षांशी ती लावून पाहतो.

संदिग्धतेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मराठीची या बाबतीतली रचना मला फार सुंदर वाटते. पुढील तीन पदसमूह पाहावेत:

जुनी वाड्यातील विहीर

जुन्या वाड्यातील विहीर

जुन्या वाड्यातील विहिरीत

पहिल्यात विहीर जुनी आहे, दुसऱ्यात वाडा. विशेषणाचे रूपच ते सांगते, त्यामुळे प्रोग्राम प्रत्येकाचे एकच पृथक्करण देतो. तिसऱ्यात मात्र विहिरीलाही प्रत्यय लागला आहे आणि प्रत्यय लागलेल्या नामाचे विशेषण, त्याचे लिंग कोणतेही असो, ‘जुन्या’ असेच होते. त्यामुळे जुना वाडा की जुनी विहीर हे रूपावरून ठरत नाही. प्रोग्राम आधी एक उत्तर देतो. आणखी विचारले तर घेतलेला शेवटचा निर्णय सोडून मागे फिरतो, ज्याला बॅकट्रॅकिंग म्हणतात, आणि दुसरे उत्तर देतो. दोनच, तिसरे नाही. ‘सुंदर’ किंवा ‘लाल’ अशा न बदलणाऱ्या विशेषणांत तर ‘सुंदर वाड्यातील विहीर’ इथेच दोन उत्तरे येतात. कोणत्या वाक्यात मराठी संदिग्ध आहे आणि कोणत्या वाक्यात नाही याचा इतका काटेकोर हिशोब मला तरी हाताने कधी जमला नसता.

‘शेतकऱ्याच्या भावाच्या मळ्यातील विहिरीचे पाणी’ अशा लांब साखळ्यांत एक तांत्रिक अडचण येते. इथे नामसमूह डावीकडे वाढत जातो, म्हणून नियम सहजपणे असा सुचतो की नामसमूह म्हणजे आधी एक नामसमूह, मग ‘चा’ आणि मग एक नाम. प्रोलॉग हा नियम डावीकडून वाचते आणि नामसमूह शोधण्यासाठी पहिल्यांदा नामसमूहच शोधू लागते, त्यासाठी पुन्हा नामसमूह, आणि हे कधी संपत नाही. याला डावे पुनरावर्तन म्हणतात. इंग्रजीत विशेषक उपवाक्ये नामाच्या उजवीकडे जातात, त्यामुळे तिथे हा प्रश्न तुलनेने कमी ठिकाणी येतो. मराठीत विस्ताराची मुख्य दिशाच डावी आहे. नियम उलटसुलट लिहून ही अडचण टाळता येते, पण मग व्याकरण वाचण्यासारखे राहत नाही आणि माझा मूळ हेतूच बाजूला पडतो. यावरचा चांगला उपाय टेबलिंग हा आहे. एकदा विचारलेला प्रश्न आणि त्याची सापडलेली उत्तरे तक्त्यात नोंदवून ठेवायची आणि तोच प्रश्न पुन्हा आला की नव्याने शोधायला न जाता तक्ता पाहायचा. एक्सएसबी या प्रोलॉगच्या एका आवृत्तीने ही सोय सर्वांत पुढे नेली आणि आता एसडब्ल्यूआय-प्रोलॉगमध्येही ती आहे. व्याकरणाच्या वर एक ओळ लिहिली की डावे पुनरावर्तन निर्धास्तपणे लिहिता येते. मराठीसाठी डीसीजी लिहू पाहणाऱ्याने टेबलिंग पहिल्या दिवसापासून वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

टंकनाची एक अडचणही इथेच सांगून ठेवतो. ‘शेतकऱ्याने’ मधला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या प्रमाणित संकेतपद्धतीत, दोन प्रकारे लिहिलेला आढळतो: कधी ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने, तर कधी साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात आणि प्रोग्रामला ते दोन वेगळे शब्द वाटतात. पृथक्करणाआधी सगळा मजकूर एकाच रूपात आणून घेणे अनिवार्य आहे.

आज मोठी भाषिक प्रारूपे (लार्ज लँग्वेज मॉडेल्स) अस्खलित मराठी लिहितात, मग हा खटाटोप कशासाठी, असे मला विचारले जाते. माझे उत्तर असे की दोन्हींचे काम वेगळे आहे. रोजचा विस्कळीत मजकूर समजून घेण्यात माझे व्याकरण त्या प्रारूपांच्या जवळपासही जाणार नाही, आणि तसा दावा कोणी करू नये. पण ‘शेतकऱ्याने कांदा विकली’ हे चूक का, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारला तर माझा प्रोग्राम ज्या ओळीवर अडला ती ओळ दाखवता येते, आणि ती ओळ मराठीतच लिहिलेली असते. बाईंनी माझे नियम कागदावर छापून घेतले आणि पेन्सिलीने दुरुस्त करून दिले, हे अन्य कोणत्याही पद्धतीत शक्य झाले नसते.

अर्थाकडे वळल्यावर या पद्धतीची आणखी एक ताकद दिसते. परेरा आणि वॉरन यांनी ‘चॅट-८०’ नावाची प्रणाली बनवली होती. जगाच्या भूगोलावरील इंग्रजी प्रश्नांचे ती तर्कशास्त्रीय विधानात रूपांतर करत असे आणि ते विधान माहितीसाठ्यावर चालवून उत्तर देत असे. तोच प्रयोग मी नाशिक जिल्ह्याच्या नद्यांवर केला. दारणा आणि कादवा गोदावरीला मिळतात. मोसम गिरणेला मिळते आणि गिरणा तापीला. गंगापूर धरण गोदावरीवर, दारणा धरण दारणेवर, करंजवण आणि पालखेड कादवेवर, चणकापूर गिरणेवर, हरणबारी मोसमवर. एवढीच माहिती मी भरली आणि विचारले: ‘जी नदी गोदावरीला मिळते तिच्यावर कोणते धरण आहे?’ त्याचे रूपांतर असे होते:

नदी(_न), मिळते(_न, गोदावरी), धरण(_ध, _न).

दारणा, करंजवण आणि पालखेड ही उत्तरे आली. मराठीतील ‘जी’ आणि ‘ती’ ही जोडी इथे एकाच चलाची दोन ठिकाणे होते. इंग्रजीत उपवाक्यात मोकळी राहिलेली जागा शोधावी लागते, आणि परेरा यांनी त्यासाठी व्याकरणाचा एक वेगळा विस्तार मांडला होता. मराठीत ‘जो-तो’ची वाक्ये दोन्ही टोके उघडपणे दाखवतात, म्हणून बहुतेक ठिकाणी त्या विस्ताराची गरजच पडत नाही. ‘मालेगावातून जी मोसम नदी वाहते ती ज्या नदीला मिळते ती नदी कोणत्या नदीला मिळते?’ हा प्रश्न ऐकायला अवघड आहे, पण प्रोग्रामला तो सरळ जातो: मोसम, गिरणा, तापी. दारणा हे नदीचेही नाव आणि धरणाचेही. प्रत्येक चलाचा प्रकार सोबत असल्याने त्याचाही गोंधळ होत नाही.

नकारार्थी प्रश्नांपाशी मी सध्या आहे. ‘कोणत्या नदीवर धरण नाही?’ असे विचारले तर प्रोलॉग ज्या नदीचे धरण माहितीसाठ्यात सापडत नाही ती प्रत्येक नदी उत्तर म्हणून देते. सिद्ध करता आले नाही म्हणजे ते खोटे, हा तिचा नकाराचा अर्थ आहे. माहितीसाठा परिपूर्ण असेल तर तो योग्य ठरतो, पण माझ्याकडे जिल्ह्यातील सगळी धरणे नाहीत आणि तापीवरचे तर एकही नाही. तरीही प्रोग्राम तापीचे नाव बेधडक देतो. म्हणून ‘नाही’ या क्रियापदासाठी मी आता दोन वेगळे नियम लिहितो आहे. धरणांची यादी पूर्ण आहे असे ज्या नदीबद्दल मी स्वतः नोंदवले आहे तिच्यापुरते ‘नाही’ असे उत्तर यावे, आणि बाकी सर्व ठिकाणी ‘नोंद नाही’ असे यावे.